चिंचेनं घासलेले बिल्ले

परवा नाशिकला भाचीकडे गेले होते. तिच्याकडे पांढरा, केसाळ, उशीएवढा एक कुत्रा आहे. त्याला घेऊन ती जनावरांच्या डॉक्टरकडे निघाली, म्हणून मीही गेले. जन्मभर तोच धंदा केलेला, पाय आपोआप वळतात. तिथल्या तरुण डॉक्टरनं एक जाड सुई घेतली, कुत्र्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी काहीतरी वस्तू सोडली आणि म्हणाला, "झालं. आता हा हरवला तरी यंत्र फिरवलं की मालकाचं नाव कळेल."

मी विचारलं, "हे निघत नाही ना?"

"नाही."

"कोणी काढून घासून पुन्हा भलत्यालाच घालू शकत नाही?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की भाचीनं घाईघाईनं सांगितलं, "मावशी पूर्वी खेड्यात डॉक्टर होती." जणू त्यानं सगळा उलगडा होतो! तो बिचारा हसला आणि मला खुर्ची दिली. मी खुर्चीत बसले आणि एकटीच खुदुखुदु हसत राहिले. कारण मला सुकलालनाना आठवले, केसरअक्का आठवली आणि लसणाच्या पोत्यांवर बसून आख्खा बिजासन घाट उतरलेला तो तपकिरी कुत्रा आठवला.

मी धुळ्याची. ऐंशीच्या दशकात जनावरांची डॉक्टर झाले आणि आग्रा रोडवरच्या एका गावात नेमणूक झाली. गाव धुळे आणि शिरपूरच्या मधलं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला दिवाळीला फराळ पाठवतात. ढोरांचा डॉक्टर बाई आहे हे कळल्यावर पहिले काही आठवडे लोक जनावरं कमी आणि मला बघायला जास्त यायचे. एकजण तर धडधाकट बैल घेऊन आला. काय होतंय विचारलं तर म्हणे, काही नाही, म्हटलं त्यालाही दाखवून आणावं. मी काय बोलणार, कप्पाळ!

बाहेरच्यांना वाटतं आमचं काम म्हणजे सुया टोचणं. निम्मं काम म्हणजे हे जनावर कोणाचं, ते ठरवणं. म्हैस घ्या. बाजारात शंभर म्हशी उभ्या केल्या तर तुम्हाला शंभर काळ्या म्हशी दिसतील. आम्ही शिंगांचा वाक बघतो, शेपटाचा गोंडा बघतो, कपाळावरचा चांद बघतो आणि वर्णन लिहितो. मग कानात पक्कडीनं नंबराचा बिल्ला मारतो. तो बिल्ला म्हशीच्या कानात एकदा बसला की बसला, ती म्हातारी होईस्तोवर निघत नाही. गायी-म्हशींची अशी व्यवस्था होती. कुत्र्यांची काहीच नव्हती.

आणि आमच्या गावातल्या कुत्र्यांना तर प्रवासाचं वेड! गावाच्या तोंडाशीच चहाच्या टपऱ्या होत्या. इंदूरकडे रिकामे परतणारे ट्रक तिथं थांबायचे. आत मऊ पेंढा पडलेला, मागचं फळकं उघडं. आमचे कुत्रे उडी मारून आत जायचे, गोल फिरून अंग टाकायचे आणि जागे व्हायचे ते मध्य प्रदेशात. मागे राहिलेले मालक रस्त्यावर उभे राहून ट्रकवाल्यांना विचारत बसायचे, "तपकिरी कुत्रा दिसला का?" आता या देशात तपकिरी कुत्रा कोणाला दिसला नाही?

म्हणून मी एक योजना काढली. सरकारी नाही, माझी स्वतःची, त्यामुळे तिच्यावर माझा फार जीव. धुळ्याच्या एका तांबटाकडून पितळेचे गोल बिल्ले करून घेतले. त्यावर गावाचं नाव आणि नंबर ठोकलेला. पिसाळण्याची लस टोचली की कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला. आणि कोणता नंबर कोणाचा, ते मी दवाखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरात रंगवून टाकलं. म्हणजे मी नसले तरी कुणाही ट्रकवाल्याला वाचता यावं. लोकांना ही कल्पना इतकी आवडली की एकानं पोपट आणला. एकीनं नवऱ्याला पुढे करून विचारलं, "बाई, याले बी एक बांधा ना! बाजारले गया की घरनी वाट भुली जास." तो माणूस इतका लाजला की बिल्ल्याशिवायच धावत घरी गेला.

या योजनेतला नऊ नंबर सुकलालनानांचा आणि चौदा नंबर केसरअक्काचा.

दोघं सख्खे भाऊबहीण. अक्का थोरली, लग्न होऊन गावातच राहिलेली, नवऱ्यामागे वडिलांनी दिलेल्या अर्ध्या घरात राहायची. उरलेल्या अर्ध्यात नाना. दोन अंगणांच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत. नानांची बायको वारलेली, मुलगा सुरतेला. अक्काचा मुलगा भुसावळला नोकरीला. म्हणजे दोन्ही घरांत एकेक म्हातारं माणूस आणि एकेक कुत्रा. आणि मी रुजू होण्याच्या आधीपासून दोघांचं बोलणं बंद! कारण काय, तर नानांच्या गोठ्याच्या पत्र्याचं पन्हाळ. त्याचं पाणी अक्काच्या अंगणात पडायचं. ती म्हणाली पन्हाळ वळव. ते म्हणाले वळवत नाही. झालं. तेव्हापासून राखीपौर्णिमेला अक्का राखी कुत्र्याला बांधायची आणि नानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची, "तू तरी माले इचारस रे बाप्पा!"

कुत्र्यांना मात्र या भांडणाचं कोणी सांगितलं नव्हतं. नानांचा जमादार आणि अक्काचा भुऱ्या म्हणजे जिवलग दोस्त. जमादार रोज सकाळी गावातलं प्रत्येक घर तपासून यायचा, म्हणून त्याचं नाव जमादार. भुऱ्या त्याच्या मागे मागे. भुऱ्याला अक्काच्या मुलानं पिल्लू असताना थैलीत घालून भुसावळहून आणलेलं. "मी नसनू ते हाऊ शे तुनाजोडे," मी नसलो तर हा तुझ्या सोबतीला, असं सांगून तो गेला होता. तेव्हापासून अक्का जेवायची ती भुऱ्याला समोर बसवून.

दिवाळी तोंडावर आली होती. एक दिवस जमादार आणि भुऱ्या दोघेही गायब झाले.

नानांनी रस्त्यावर उभं राहून आरडाओरडा केला. अक्कानं काहीच केलं नाही. फक्त संध्याकाळी पायरीवर जर्मनच्या ताटलीत दूधभाकर कुस्करून ठेवली. सकाळी ती तशीच. मी पुढचे काही दिवस येता-जाता बघत होते. ताटली तशीच असायची आणि अक्काचा चेहरा रोज थोडा आणखी ओढलेला. शेजारणी सांगायच्या, ती स्वतःही धड जेवत नाही. समोर कोणी बसायला नाही तर घास कसा उतरणार?

मग एका सकाळी दवाखान्यासमोर ट्रक थांबला. इंदूरकडचा ड्रायव्हर होता, रामेश्वर नावाचा. भिंत वाचत उभा राहिला आणि मला बघून म्हणाला, "मैडमजी, आपके गाँव का नौ नंबर हमारे सेंधवा के ढाबे पर बैठा है. ना कुछ खाता है, ना कहीं जाता है. हर ट्रक को देखता है बस."

नऊ नंबर! माझी योजना चालली! मी अक्षरशः टाळ्या पिटल्या. कंपाउंडर बाहेर येऊन बघू लागले की बाईंना काय झालं. मी तशीच धावत नानांकडे गेले. नाना बैलांना चारा टाकत होते. ऐकल्याबरोबर त्यांनी हातातला भारा बैलाच्या डोक्यावरच टाकला.

"मना जमादार! चला बाई, आत्तेच चला!"

भिंतीपलीकडे अक्का उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी दवाखान्यात पिशवी घ्यायला परतले तर माझ्या आधी शेळी घेऊन हजर.

"काय झालं शेळीला?"

"काही नही." शेळीच्या पाठीवरून हात फिरवत, खाली बघत ती म्हणाली, "बाई, तठे आखो एखादा कुत्रा व्हई ते... देखा जरा. कान पडेल शे त्याना. डावा."

एवढंच. नंतर शेळीला ओढत निघून गेली. धाब्यावर एकच कुत्रा आहे, हे रामेश्वरनं सांगितलं होतं आणि ते मला तिला सांगवलं नाही.

रामेश्वरचा ट्रक परत सेंधव्यालाच निघाला होता. त्याच्याच केबिनमध्ये आम्ही बसलो. त्या काळात बाईमाणसानं ट्रकमधून जावं का, वगैरे विचार मला पळासनेर गेल्यावर सुचले, तोवर उशीर झाला होता. नाना वाटभर जमादारची स्तुती गात होते. तो किती हुशार, तो कसा चोर ओळखतो, तो नाना झोपल्याशिवाय कसा झोपत नाही. रामेश्वर "अच्छा? अच्छा!" करत होता. घाट चढताना नानांनी फडक्यातली भाकरी सोडली आणि जमादारसाठी निम्मी राखून ठेवली. आणि मी खिडकीबाहेर बघून माझ्या योजनेचा जिल्हाभर प्रसार कसा करता येईल, याची स्वप्नं रंगवत होते. पुढे धुळ्याच्या वर्तमानपत्रात माझा फोटो येईल, शेजारी कुत्रा, इथपर्यंत मी पोचले होते.

सेंधव्याचा धाबा आला. बाजेखाली एक तपकिरी कुत्रा बसलेला. गळ्यात चकचकीत बिल्ला. मी वाकून वाचला. गावाचं नाव, खाली नऊ. अगदी बरोबर.

"हं नाना, घ्या तुमचा जमादार!"

नाना जागेवरच उभे.

"बाई," ते म्हणाले, "हाऊ मना जमादार नही शे."

"असं कसं? नऊ नंबर आहे ना?"

"नंबर मना शे. कुत्रा मना नही! हाऊ ते तिना भुऱ्या शे!"

मी पाहिलं. डावा कान पडलेला.

मला हसू की रडू कळेना. अक्काचा भुऱ्या सापडला, या आनंदानं मी हसायला लागले, आणि नानांचं तोंड बघून थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. इतका लांबचा रस्ता ज्याच्यासाठी काटला तो नाहीच, आणि आहे कोण, तर जिच्याशी जन्माचं वाकडं तिचा कुत्रा. त्यांनी हातातली अर्धी भाकरी फडक्यात परत गुंडाळली आणि ट्रकांकडे तोंड करून उभे राहिले.

"मी याले काब लई जाऊ?" ते म्हणाले. "तिना शे ते तिनी यावं, लई जावं. ऱ्हाऊ द्या आठेच."

मला बोलता आलं असतं. पण भुऱ्यानंच मला बोलू दिलं नाही. त्यानं नानांना ओळखलं होतं. रोज मधल्या भिंतीवर पुढचे पाय ठेवून तो ज्या माणसाचं तोंड बघायचा, तो माणूस इथं आला होता. तो बाजेखालून सरपटत निघाला, कुंईकुंई करत नानांच्या पायांशी आला आणि त्यांच्या धोतराला इतका घासू लागला की नाना मागे सरकता सरकता बाजेवरच बसले. तसा भुऱ्या सरळ मांडीवर. मोठा कुत्रा, लहान मुलासारखा मांडीवर! नाना त्याला ढकलत होते आणि ढकलता ढकलता त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवत होते.

"किती वाळना रे बट्ट्या," असं पुटपुटून त्यांनी फडकं सोडलं. जमादारची राखून ठेवलेली भाकरी भुऱ्यानं दोन घासांत संपवली. मग धाबेवाल्यानं दूध आणून दिलं, तेही संपवलं.

परतीला लसणानं भरलेला ट्रक मिळाला. ड्रायव्हरच्या शेजारी एकाचीच जागा होती, तिथं मी बसले. नाना आणि भुऱ्या वर लसणाच्या पोत्यांवर. घाट उतरताना माझ्या डोक्यावरून नानांचा आवाज येत होता. ते भुऱ्याशी बोलत होते. आधी अक्काच्या तक्रारी झाल्या. मग पन्हाळाचा सगळा इतिहास, पत्रा कोणी घातला, कधी घातला, इथपासून. शेवटी अगदी बजावून सांगितलं, "तुनी मालकीनले सांगी दे. कुत्रा लई उनू म्हनीसन पन्हाळ काढाव नही मी!" भुऱ्यानं एकदा भुंकून संमती दिली. ड्रायव्हर मला विचारत होता, "बहनजी, ऊपर दूसरा आदमी भी है क्या?" मी हसून हसून लसणाच्या वासानं ठसकले.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. नाना भुऱ्याला दोरीनं धरून अक्काच्या दाराशी आले. पन्हाळाच्या भांडणानंतर त्या अंगणात त्यांचा पाय पहिल्यांदाच पडत होता. तिथं ते इतका वेळ घुटमळले की शेवटी मीच कडी वाजवली.

दार उघडलं आणि आतून कोण यावं? जमादार! साक्षात जमादार, तुपकट तोंड, मिशांना दूध, गळ्यात चौदा नंबर. त्याच्या मागे हातात ताट घेऊन अक्का.

झालं होतं असं. जमादार शिरपूरलाच ट्रकमधून उतरला होता. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या राखणदारानं त्याला ठेवून घेतलं, बिल्ला वाचला आणि आम्ही सेंधव्याला गेलो त्याच दिवशी धुळ्याकडे येणाऱ्या दुधाच्या गाडीत बसवून दिलं. दूधवाल्यानं माझी भिंत वाचली, चौदा म्हणजे केसरअक्का, आणि कुत्रा तिच्या अंगणात सोडून तो पुढे गेला. अक्का भुऱ्या आला म्हणून धावली, तर समोर भावाचा कुत्रा. तिनं काठी उचलली असती तरी गावात कोणी नावं ठेवली नसती. तिनं काय केलं, तर पायरीवरची भुऱ्याची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

आता दोन्ही कुत्रे एकमेकांवर असे कोसळले की नानांच्या हातातली दोरी सुटली, अक्काच्या हातातलं ताट पडलं. अंगणभर धुरळा. धुरळ्यातून दोघं भाऊबहीण एकाच वेळी एकमेकांचा कुत्रा परत करत म्हणाले, "हाऊ ल्हे तुना!"

अक्का नानांकडे बघत होती, नाना पन्हाळाकडे.

शेवटी अक्का म्हणाली, "मनं बठ्ठं दूध पी गया तुना कुत्रा."

नाना म्हणाले, "तुना मनी बठ्ठी भाकर खाई गया."

"मंग, तू उपाशी शे काय सकायपाशी?"

अक्का आत गेली आणि चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. मी पायरीवर बसून डोळे पुसत होते. हसून की कशानं, ते मला विचारू नका.

पण माझी योजना? माझा फोटो? मी जेवणानंतर दोघांना खोदून विचारलं, हे बिल्ले बदलले कसे? अक्कानं अगदी सहज सांगितलं, "पोळाले घासात ना!"

पोळ्याला आमच्याकडे जनावराच्या अंगावरचं जुनं काही ठेवत नाहीत. जुनी वेसण, जुना कासरा, सगळं काढायचं, नवं घालायचं. पितळी घुंगरं, घाट्या उतरवून चिंच लावून लखलखीत घासायच्या. त्या वर्षी बायकांनी म्हटलं, कुत्र्यांनी काय पाप केलं? मग गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना आंघोळी घातल्या, अंगावर गेरूचे ठिपके काढले, गळ्यातले बिल्ले काढून घुंगरांबरोबर एकाच घमेल्यात टाकले आणि विहिरीवर बसून गाणी म्हणत घासले. घुंगरं आवाजावरून ज्याची त्यानं ओळखून नेली. बिल्ल्यांना कुठला आवाज? बिल्ला म्हणजे सुई टोचली याची खूण, मग कोणताही घातला तरी सुई तीच ना! हाताला आला तो प्रत्येकीनं उचलला, नव्या दोऱ्यात ओवला. मी स्वतः त्या पोळ्याला रस्त्यात उभी राहून "काय चमकताहेत बाई बिल्ले!" म्हणून त्यांचं कौतुक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गल्लीला कुत्रे घेऊन दवाखान्यासमोर बोलावलं. तो गोंधळ काय वर्णावा! दोन नंबर सहाच्या गळ्यात, सहा अकराच्या. एक बिल्ला एका बोकडाच्या गळ्यात सापडला, त्याला तो इतका शोभत होता की मालकीण सोडायला तयार नव्हती. कुत्रे एकमेकांवर भुंकत होते, माणसं भिंत मोठ्यानं वाचत होती, आणि मी पक्कड घेऊन मधोमध बसून दोरे कापत होते, पुन्हा बांधत होते. दुपारपर्यंत सगळे नंबर आपापल्या गळ्यात आले. राहिले दोनच.

नाना आणि अक्का भिंतीच्या सावलीत शेजारी शेजारी बसले होते. मी भुऱ्याच्या गळ्याला हात घातला तर अक्कानं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या बाई."

"अहो अक्का, पण हा चुकीचा आहे. हा हरवला तर लोक नानांच्या घरी आणून सोडतील."

"हां," अक्का म्हणाली. "याना हारपना, ते मना दारवर येवाले जोयजे. मना हारपना, ते याना दारवर."

मी नानांकडे पाहिलं. म्हटलं, यांना तरी काही समजावता येईल. ते फडक्यानं तोंड पुसत होते, अगदी हळू, जरा जास्तच वेळ.

मी पक्कड पिशवीत टाकली. तेवढ्यात जमादार उठला, अंग झाडलं आणि चौदा नंबर मिरवत रमतगमत ट्रकांच्या रांगेकडे निघाला. नानांनी त्याला पाहिलं. हाक काही मारली नाही.